बोटुकली

पहाटे पावणेपाचला पाण्यात हवा सगळ्यात कमी असते.
हे मला कॉलेजनं शिकवलं नाही,
कॉलेजात मी बाटल्या धुते.
रात्रभर शेवाळ श्वास घेतं, जलपर्णी घेते,
तळचा गाळ घेतो,
राम नदीतून आलेलं बावधनचं सांडपाणी घेतं,
आणि उजाडायच्या आत
पाषाण तलावाची झोळी रिकामी.

तेव्हा आम्ही जातो. मी, देवस्थळी मॅडम,
होडीवर भागुजी.
बाटली पाण्यात तिरकी धरायची,
आत एक बुडबुडा राहता कामा नये.
मग एक थेंब या औषधाचा, एक त्या.
साका तपकिरी आला, तर पाण्यात जीव आहे.
पांढरा आला, तर नाही.
बारा वर्षं झाली,
घरी दूध नासलं तरी आधी छातीत धस्स होतं.

भागुजीच्या बोलीत मासा आधी जिरं असतो,
मग बीज, मग बोटुकली.
जिऱ्याला धड कल्लेही नसतात,
ते अख्ख्या कातडीनं श्वास घेतं
आणि पाणी जड झालं की हलणंच सोडतं.
अंड्यातलं त्याहून शहाणं:
दिवस भरायच्या आधी कवच फोडून बाहेर.
आत गुदमरण्यापेक्षा अर्धवट जन्म बरा.

बोटुकली वर येते.
आधी कल्ले भराभर, शिवणयंत्राच्या सुईसारखे,
मग शेपूट खाली, तोंड वर,
आणि ती पाण्याच्या सायीला ओठ लावते.
केसाएवढी जाड ती साय,
तिथं थोडं आभाळ विरघळलेलं असतं.
शेकडो ओठ. चुळुक. चुळुक.
लांबून वाटतं, तलावावर भुरभुर पडतेय.
आणि वाळक्या बाभळीवर मान आखडून रातबगळा,
त्यालाही पावणेपाचचं गणित पाठ.
श्वास वर. चोचही वर.
बोटुकली क्षणभर खाली रेंगाळते,
मग येतेच.

प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत
आठवडाभर रोज दोन तास हवा कमी केली.
नळी बंद करायचं काम माझं.
आठव्या दिवशी पिल्लं उशिरा वर आली.
मॅडमनी वहीत लिहिलं: सहनशीलता वाढली.
मी काच पुसत होते.
मॅडम वाईट नाहीत,
पोरीची फी दोनदा भरलीय त्यांनी.
पण त्या शब्दापाशी माझं फडकं थांबलं.
मीही बारा वर्षं हंगामी.
दर जूनला ऑर्डर लांबली की
ऑफिसातले भाऊसाहेब म्हणतात,
तुम्हाला काय बाई, सवय आहे.

दांडेकर पुलाजवळ आमची खोली, दहा बाय दहा.
खिडकी उघडते ती शेजाऱ्याच्या भिंतीत.
प्राची दहावीला.
रात्री अकरानंतर पुस्तक घेऊन गच्चीवर जाते,
टाकीच्या कट्ट्यावर बसते,
मोबाईलचा उजेड वहीवर.
रात्री गच्चीवर आणखी कोण कोण असतं, मला माहीत आहे.
दोनदा ओरडले, खाली ये.
ती म्हणाली, खाली डोक्यात काही शिरत नाही गं.
तिसऱ्यांदा ओरडले नाही.
जिन्याच्या वरच्या पायरीवर
मेथी निवडत बसते,
निवडून झाली तरी.

काल टाकीची नळी मी दहा मिनिटं आधी सोडली.
बुडबुडे वर गेले, पिल्लं खाली गेली,
एकमेकांना वाट देत.
वहीत वेळ बरोबरच लिहिली.
मॅडम, तुमचा आलेख तिथं जरासा वाकेल.
विचारलंत तर सांगेन,
नळीत कचरा अडकला होता.